गावाची एकच यादी: ग्रामपंचायतीने आरोग्याच्या कामांचा मेळ कसा घालावा

पाचव्या महिन्यातली एखादी गरोदर बाई डोळ्यांसमोर आणा. उपकेंद्रातल्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये तिचे नाव आहे. आशाताईंच्या डायरीत आहे, अंगणवाडीताईंच्या मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये आहे, मातृवंदना योजनेच्या अर्जावरही आहे. तिचे हिमोग्लोबिन आठच्या खाली गेले आहे, हे सिस्टरला माहीत. तिला मिळणारा घरपोच आहार घरातले सगळेच खातात, हे अंगणवाडीताईंना माहीत. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि दिवाळी झाली की दोघे ऊसतोडीला जाणार, हे शेजारणीला माहीत. वस्तीवरच्या विहिरीत पंधरा दिवस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेली नाही, हे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला माहीत. या सगळ्यांची गाठ मात्र कुठेच पडत नाही. प्रत्येक जण आपापल्या वरिष्ठांना महिन्याचा अहवाल वेळेवर देतो आणि ऐन बाळंतपणात बाई धोक्यात सापडते.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, गाव अजूनही ज्यांना भाऊसाहेब म्हणते ते ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवरची मंडळी, यांच्यासाठी हा लेख आहे. गावात आरोग्याच्या योजना कमी नाहीत आणि त्या राबवणारी माणसेही बहुतेक ठिकाणी प्रामाणिकपणे राबतात. उणीव आहे ती त्यांना एकत्र बसवणाऱ्याची. ती जागा ग्रामपंचायतीची आहे, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण साधे आहे. आशा आणि सिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्राला उत्तर देतात. अंगणवाडीताई बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, शिक्षक केंद्रप्रमुखांना, बचत गटाच्या ताई ‘उमेद’च्या तालुका कार्यालयाला. सगळे तालुक्याला जाऊन आपापल्या बैठकीत बसतात आणि एकाच गावात काम करत असूनही एकमेकांशी कामाचे बोलणे राहून जाते. ग्रामपंचायतीला मात्र संपूर्ण गाव हाच विषय आहे. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. त्यांत आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास आणि पिण्याचे पाणी हे सगळे आले.

पण हेही स्वच्छ सांगायला हवे की सिस्टरची रजा, बदली, पगार यांतले काहीही सरपंचाच्या हातात नाही. अंगणवाडीताईंना कारणे दाखवा नोटीस देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. हुकूम सोडून हे काम होत नाही. ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे ते पाहा: पाणी, गटार, रस्ता, दिवाबत्ती, एखादी खोली, भोंगा, थोडा पैसा आणि ग्रामसभा. आरोग्य कर्मचाऱ्याचे काम नेमके याच गोष्टींपायी अडते. ज्या सरपंचाने सिस्टरला तपासणीसाठी आडोशाचा पडदा आणि टेबल मिळवून दिले, त्याच्या बैठकीला सिस्टर पुढच्या महिन्यात आपणहून येते.

मेळ घातल्याने फरक पडतो याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २००५ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. आरोग्य आणि महिला-बालविकास हे दोन विभाग एकाच बाळाकडे एकाच वेळी पाहतील, गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांकडे लक्ष देतील आणि रिकाम्या जागा भरल्या जातील, यावर त्याचा भर होता. २००५-०६च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत खुजेपणाचे प्रमाण ३९ टक्के होते. २०१२च्या राज्यव्यापी पाहणीत ते २३ टक्क्यांच्या आसपास आले. सगळे श्रेय एकट्या मिशनचे नाही, त्या काळात उत्पन्न आणि मुलींचे शिक्षणही वाढले. तरी दोन विभागांना एका टेबलाशी आणणे हे स्वतंत्र काम आहे, त्याला माणूस आणि वेळ द्यावा लागतो, हे त्या वर्षांनी दाखवले.

यादीपासून सुरुवात

पहिला महिना फक्त यादीला द्या. कार्यक्रम, शिबिर, उद्घाटन यांतले काही नको. सिस्टर, आशा, अंगणवाडीताई आणि पाणीपुरवठा कर्मचारी यांना एका दुपारी ग्रामपंचायतीत बोलवा आणि प्रत्येकाला आपापले रजिस्टर आणायला सांगा. मग वस्तीवार, घरवार नावे जुळवा. गरोदर माता किती? सिस्टरकडे चौदा आणि अंगणवाडीकडे अकरा निघाल्या, तर ती तीन नावे कोणाची, याचा शोध हेच त्या दुपारचे काम.

निसटलेली नावे ठरावीक जागी सापडतात. पहिली जागा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. तिची नोंद सासरच्या गावात असते, सातव्या-आठव्या महिन्यात ती इकडे येते. सासरची आशा म्हणते, ती माहेरी गेली. माहेरच्या आशाला ती आल्याचे कळेपर्यंत बाळाचा जन्म झालेला असतो. नवजात बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत आशाने घरी जायच्या भेटी ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. यांतल्या पहिल्या दोन-तीन भेटीच बहुधा सासर-माहेरच्या मधे हरवतात, आणि बाळाला सर्वांत जास्त धोका असतो तोही त्याच दिवसांत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित बायांकडून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली, तेव्हा तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा करतात त्या गृहभेटींच्या मुळाशी हा अनुभव आहे. तेव्हा माहेरवाशिणीचे नाव मिळवणे ही किरकोळ बाब समजू नका. बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला एकच प्रश्न विचारला, ‘कोणाची लेक आली आहे का?’, तरी ही नावे मिळतात.

दुसरी जागा गावाच्या कडेला असते. वीटभट्टी, रस्त्याच्या कामावरची पाले, शेतातला सालगडी, मेंढपाळांचा मुक्काम. त्यांची मतदारयादीत नोंद नाही आणि रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्याचे, म्हणून ते कोणाच्याच लक्ष्यसंख्येत बसत नाहीत. पण त्यांच्या मुलाला गोवर झाला तर तो गावात पसरायला कागद लागत नाही. तिसरी जागा म्हणजे एकटे राहणारे म्हातारे आईवडील, ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत. रक्तदाबाची गोळी संपली की पुन्हा आणायला कोणी नाही, एवढ्यासाठी त्यांची गोळी सुटते.

आता एक महत्त्वाची सावधगिरी. ही यादी म्हणजे ग्रामसभेत वाचून दाखवायचा कागद नव्हे. कोणाला क्षयरोग आहे, कोण मनोविकाराची औषधे घेते, कोणाला तिसरा महिना लागला आहे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाता कामा नये. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७च्या कायद्यानेच गोपनीयतेचे बंधन घातले आहे. मला सुचलेली रीत अशी: नावांचे रजिस्टर सिस्टर आणि आशा यांच्याकडेच राहील. ग्रामपंचायतीच्या वहीत फक्त काम लिहायचे. ‘वरच्या वस्तीवरच्या एका मातेला गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात न्यायचे, गाडीची सोय सदस्य करतील’ एवढे पुरे. रोगाचे नाव लिहायची गरज नसते. ज्या गावात एकदा गुपित फुटते, तिथे पुढची दोन-तीन वर्षे माणसे आजार लपवतात.

महिन्यातला तो दिवस

दर महिन्याला प्रत्येक अंगणवाडीत ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस भरायचा असतो. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, मुलांची वजने, आहाराचा सल्ला, सगळे एकाच ठिकाणी. म्हणजे मेळ घालण्याची जागा सरकारने आधीच आखून दिली आहे. नवी समिती, नवा उपक्रम शोधत बसायचे कारण नाही. पुष्कळ गावांत हा दिवस लसीकरणापुरता उरला आहे. तो पूर्ण करणे हे ग्रामपंचायतीचे सर्वांत फायद्याचे काम.

आदल्या संध्याकाळी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगा, पण तेवढ्यावर विसंबू नका. वस्तीवर आणि तांड्यावर माणूस पाठवा. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणी चालू असेल तर सकाळी दहाची वेळ गावाला सोयीची नाही, हे सिस्टरशी बोलून त्या महिन्यापुरती वेळ बदलून घ्या. अंगणवाडीत पोट तपासायला आडोसा नसेल तर गरोदर बाईची तपासणी म्हणजे बीपी आणि वजन एवढ्यावर उरकते. बाळ कसे आहे, आडवे आहे का, हे पाहायला तिला पडद्याआड झोपवावे लागते. पडदा, टेबल, हात धुवायला पाणी, वापरता येईल असे शौचालय, ही यादी तुमच्या पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. दंडाचा घेर मोजण्याची पट्टी अंगणवाडीत असतेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते मूल तीव्र कुपोषित आहे आणि ते प्रकरण त्याच दिवशी पुढे जायला हवे. समितीच्या सदस्याला एवढे कळले तरी त्याच्या हजेरीला अर्थ येतो.

सर्वांत मोलाचा भाग दिवस संपल्यावरचा आहे. सगळे निघायच्या घाईत असतात; त्यांना अर्धा तास थांबवा, चहा द्या. आज कोण यायला हवे होते, त्यांतले कोण आले नाही आणि का? एवढेच बोलायचे. ‘बोलावले पण येत नाहीत’ हे उत्तर तिथे पुरेसे मानू नका. सासूने पाठवले नाही, मागच्या लसीनंतर ताप आला होता म्हणून घाबरले, त्या दिवशी निंदणीचा रोज बुडला असता, वस्तीवरून यायला ओढ्याला पाणी होते. अशी एकेक कारणे बाहेर येतात आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळ्या माणसाकडे असतो. सासूशी बचत गटाची अध्यक्षा बोलेल. तापाचे सिस्टर समजावेल. ओढ्याचे काम ग्रामपंचायतीचे. पुढच्या महिन्यापर्यंत कोण काय करणार, ते माणसाच्या नावाने लिहा. ‘संबंधितांनी कार्यवाही करावी’ असे प्रोसिडिंगमध्ये लिहिले की ते काम कोणाचेच राहत नाही. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या कामांच्या वाचनाने करा.

या अर्ध्या तासाला सरपंच स्वतः बसला, तर चार महिन्यांत फरक दिसतो. सरपंच महिला असेल तर तिने स्वतः बसावे, पतीने नव्हे. तिथे येणाऱ्या बायांना जे सांगायचे असते ते त्या तिच्यापाशीच बोलतील.

पाणी हे ग्रामपंचायतीचे औषध

डॉक्टर ग्रामपंचायतीच्या हातात नाही, पाणी आहे. हगवण, कावीळ, विषमज्वर यांच्या साथी पावसाळ्याच्या तोंडाशी येतात आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपात किंवा संपलेल्या टीसीएलमध्ये असते. टीसीएल उघडी किंवा ओलीत राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. वर्षभराचा साठा एकदम घेऊन समाजमंदिराच्या कोपऱ्यात टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दोन-तीन महिन्यांपुरतीच घ्या, कोरड्या अंधाऱ्या जागी बंद ठेवा, आरोग्य सेवकामार्फत नमुना तपासून घ्या.

क्लोरीन पोचला की नाही हे टाकीपाशी तपासून कळत नाही. ओटी टेस्ट शेवटच्या टोकाच्या नळावर घ्यायची, आणि ते टोक बहुतेक गावांत दलित वस्ती किंवा तांडा असते. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. त्या टेस्टमध्ये पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर त्याच दिवशी कर्मचाऱ्याशी बोला. जलजीवन मिशनखाली गावागावांत महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि किट दिले आहे. त्या महिला कोण आहेत, किट कुठल्या कपाटात आहे, हे आजच विचारा. रोजच्या नोंदीची वही ग्रामपंचायतीत आणि तिची एक प्रत आरोग्य सेवकाकडे असली की साथ आली तर कारण शोधायला दोन दिवस जात नाहीत.

डेंग्यूचे गणितही असेच हातातले आहे. डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला, रांजण-टाक्या घासून सुकवल्या, तर चक्र तुटते. नळाला आठवड्यातून दोनदाच पाणी येत असेल तर कोणी भांडी रिकामी करणार नाही, हे लक्षात घ्या. कोरडा दिवस नेहमी पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी ठेवा. आरोग्य विभाग एक वार ठरवतो आणि पाणी सोडणारा दुसऱ्या वारी पाणी सोडतो, असे झाले की मोहीम कागदावर राहते. एका फोनने जुळणारी गोष्ट आहे ही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळे वेळापत्रक

बीड, अहिल्यानगरचा पूर्व भाग, जालना, धाराशिव इकडच्या गावांनी हा भाग नीट वाचावा. आणि कारखाने ज्या भागात आहेत, त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांनीही. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. वर्षातले पाच-सहा महिने असे कुटुंब गावच्या यादीत ‘स्थलांतरित’ असते आणि कारखान्याच्या गावात ‘बाहेरचे’. दोन्हीकडचे अहवाल त्यामुळे स्वच्छ दिसतात.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८० हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावर जाणे, ओटीपोटात दुखणे यांवर साधे उपचार मिळाले असते, फडाजवळ शौचालय आणि पाणी असते, पाळीच्या दिवसांत खाडा धरून पैसे कापले गेले नसते, तर यांतल्या किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या, हा प्रश्न कुठल्याही संवेदनशील गावकऱ्याने स्वतःला विचारावा असा आहे. जाण्याआधी आणि परतल्यावर या महिलांची आरोग्य तपासणी व्हावी, हे तेव्हापासून शासनाच्या धोरणात आले. ती होते की नाही हे पाहणारा गावात कोणी तरी हवा.

सप्टेंबरच्या बैठकीत मुकादमांना बोलवा. हो, मुकादमालाच, कोणती टोळी कुठल्या कारखान्याला जाणार आणि कधी, हे नेमके त्यालाच ठाऊक असते. त्यातून जाणाऱ्या गरोदर माता आणि सहा वर्षांखालची मुले यांची वेगळी यादी काढा. निघण्याआधी एक जादा आरोग्य दिवस घ्या: तपासणी, राहिलेल्या लसी, लोहाच्या गोळ्या, रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना जास्त दिवसांची औषधे. सिस्टरने माता-बाल संरक्षण कार्ड कुटुंबाच्याच हातात द्यावे. गावच्या कपाटात राहिलेले कार्ड कोपीवर उपयोगी पडत नाही. कारखाना ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत आहे, तिथला फोन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून मिळवा आणि यादी पाठवा. महिला व बालविकास विभागाची स्थलांतरितांची नोंद ठेवणारी व्यवस्था आहे, तिथेही नोंद झाली का ते अंगणवाडीताईंना विचारा.

आजी-आजोबांकडे ठेवलेली मुले ही दुसरी यादी. त्यांची शाळा, जेवण, आजारपण कोण पाहणार, हे नावानिशी ठरवा. आणि कारखान्याच्या गावच्या सरपंचांना एक विनंती: ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर पाण्याचा टँकर आणि महिन्यातून एक लसीकरण सत्र, एवढे तुमच्या बैठकीत घ्या. तुमच्या गावचा ऊस तेच लोक तोडतात.

पैसा

ग्राम आरोग्य समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंध निधी मिळतो. रक्कम छोटी आहे आणि छोट्या कामासाठीच ती ठेवावी: रात्री अडलेल्या बाईची गाडी, वजनकाट्याची दुरुस्ती, पडदा, वस्तीवर सत्र घ्यायचे तर जाण्यायेण्याचा खर्च. हा निधी फेब्रुवारीत घाईने फलक आणि खुर्च्यांवर उडवला जातो तेव्हा वाईट वाटते, कारण ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री त्याचीच गरज पडलेली असते.

मोठ्या कामांसाठी इतर वाटा आहेत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छता यांसाठी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली गेली. टाकी, पाइपलाइन, गटार, सांडपाणी ही कामे त्यात बसतात. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्य-स्वच्छतेवर तो खर्च करता येतो. कुठलाही निधी असो, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पुढे अडते. आराखड्याच्या नऊ संकल्पनांत ‘आरोग्यदायी गाव’ ही एक आहे. २ ऑक्टोबरच्या आसपास आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात. त्याआधीच्या महिला सभेत आरोग्य दिवसांच्या वहीतली वर्षभर अडलेली कामे वाचून दाखवा. ती कामे गरजेची आहेत हे सिद्ध करायला वेगळी पाहणी लागत नाही.

मनाचे आजार आणि दारू

आरोग्याच्या बैठकीत हा विषय क्वचित निघतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवले, त्यांच्या मागे डॉक्टर उभे राहिले, लोकांशी उघड बोलणे झाले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे माणसे मदत नाकारत नव्हती, ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. तुमच्या बैठकीत एवढे तरी करा: कर्जाने, पीक गेल्याने किंवा घरातल्या मृत्यूने खचलेले घर कोणते, आणि त्यांच्याकडे कोण जाणार, हे दर महिन्याला खासगीत ठरवा. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी त्या माणसाची गाठ घालून द्या. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२पासून चोवीस तास चालू आहे, तो अंगणवाडी, सोसायटी, दूध डेअरी आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर रंगवून घ्या. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवण्याविषयी कृषी सेवा केंद्राचा मालक सांगेल तर लोक ऐकतात.

दारूबाबत गावातल्या बायांना ग्रामपंचायतीची साथ लागते. अवैध दारूसाठी ग्रामसभेच्या ठरावाने ग्रामरक्षक दल नेमता येते, परवानाधारक दुकानासाठी मतदानाचा ‘आडवी बाटली’चा मार्ग आहे. बाया पुढे येतात तेव्हा सरपंचाने त्यांच्या बाजूला उभे राहायचे असते, सर्वांसमक्ष.

चुकले तिथे काय करायचे

उपकेंद्राला कुलूप आहे, औषधे नाहीत, १०८ची गाडी आली नाही. याची तक्रार जरूर करा, पण वार, वेळ आणि घटना लिहून करा, आणि योग्य माणसाकडे करा: आधी वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषद. ग्रामसभेत आशाताईंना उभे करून जाब विचारण्याची वाईट पद्धत काही ठिकाणी पडली आहे. ती आपल्याच गावची सून, मानधनावर काम करणारी. औषधांचा साठा, गाडी, डॉक्टरांची हजेरी यांपैकी कशावरही तिचा अधिकार नाही. तिचा अपमान झाला की दुसऱ्या दिवसापासून गावातली खरी माहिती तुमच्यापर्यंत येणे थांबते.

तक्रारीचा चांगला नमुनाही आपल्याकडे आहे. २००७पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ संस्था तिचे राज्यभराचे काम पाहत होती. गावकरी स्वतः सेवांना हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो मांडत. अधिकारी तिथे उत्तर द्यायला बांधील असत. तुमच्या गावात असे तक्ते वर्षातून दोनदा भरा. त्यात ग्रामपंचायतीच्या पाण्यालाही शेरा द्या, म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यांना ही एकतर्फी चौकशी वाटणार नाही.

क्षयरोगासाठी तर मोजमाप तयारच आहे. २०२३पासूनच्या ‘टीबीमुक्त पंचायत’ अभियानात हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी व्हावी लागते. रुग्ण कमी दाखवायचे म्हणून तपासण्याच कमी करणाऱ्या गावाला या निकषात जागा नाही. उपचार चालू असलेल्या रुग्णाला नोव्हेंबर २०२४पासून दरमहा हजार रुपये पोषणासाठी मिळतात. बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने ते अडतात, आणि तेवढे काम ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक एका दुपारी मार्गी लावू शकतो.

राहिला प्रश्न माणसे बदलण्याचा. सिस्टरची बदली होते, भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार येतो, पाच वर्षांनी पॅनेल पडते. जुन्या सरपंचाने सुरू केलेले काम नव्या सरपंचाने बंद करण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून सुरुवातीपासूनच हे काम एका माणसाच्या नावावर चढू देऊ नका. महिन्याची बैठक ठरावाने बांधा: तारीख, वेळ, कोण बसणार, वही कोण ठेवणार. ठरावाला सूचक-अनुमोदक दोन्ही गटांतले घ्या. कामांची वही ग्रामपंचायतीच्या दप्तराचा भाग करा, म्हणजे कारभार सोपवताना तिची यादीत नोंद होईल. निवडणुकीच्या महिन्यांत आचारसंहितेने सभा थांबल्या तरी आरोग्य दिवस थांबत नाही; तेव्हा बैठक समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी घ्यावी, असे आधीच लिहून ठेवा. नवी सिस्टर रुजू झाली की पहिल्या आठवड्यात तिला एकदा वस्त्या-तांडे फिरवून आणा. वस्तीवर जाण्याचा रस्ता, पावसाळ्यात कुठला ओढा अडवतो आणि रात्री कोणाच्या दारात गाडी मिळते, हे तिला कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलेले नसते.